अपडेट केलं आणि वाय-फाय गेलं! लिनक्सचा कर्नल बदलल्यावर नेमकं काय बिघडतं?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळतात, पण त्यापुढे रस्ता बंद. विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. २०१५-१६ च्या सुमारास घेतलेला, अजून धडधाकट असलेला लॅपटॉप या अटींत बसत नाही.

मग तो लॅपटॉप भंगारात काढायचा, की त्यावर लिनक्स टाकायचं? दुसरा सल्ला देणारे रील्स आणि व्हिडिओ तुमच्याही नजरेस पडले असतील. तो सल्ला चुकीचा नाही. लिनक्स मोकळं आहे, फुकट आहे आणि जुन्या मशीनवर खरंच हलकं चालतं.

पण काही आठवड्यांनी एक ठरलेला प्रसंग येतो. स्क्रीनवर अपडेटची सूचना येते, तुम्ही होकार देता, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करता आणि वाय-फाय गायब! कुणाच्या स्क्रीनचं रिझोल्यूशन विचित्र होतं, कुणाचा व्हर्च्युअलबॉक्स सुरू होत नाही, तर कुणाला सुरू होतानाच लाल अक्षरांत 'फेल्ड टू स्टार्ट लोड कर्नल मॉड्यूल्स' अशी ओळ दिसते. काल सगळं चालत होतं. आज हार्डवेअर तेच आहे, फक्त अपडेट झालंय.

असं का होतं? यात चूक कुणाची? आणि यावर उपाय म्हणून अपडेटच बंद करून टाकावं का? एकेक करून समजून घेऊया.

कर्नल म्हणजे काय आणि मॉड्यूल म्हणजे काय?

सैन्यातल्या कर्नलशी याचा काही संबंध नाही. इंग्रजीत कर्नल म्हणजे दाण्याच्या आतला गर, गाभा. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड, वाय-फाय अशा प्रत्येक गोष्टीशी थेट बोलतो, तो कर्नल. तुमचा ब्राउझर किंवा व्हिडिओ प्लेअर हार्डवेअरला कधीच हात लावत नाही. तो कर्नलला सांगतो आणि कर्नल काम करून देतो.

जगात हजारो प्रकारची वाय-फाय कार्डं, ग्राफिक्स कार्डं, प्रिंटर आणि वेबकॅम आहेत. त्या सगळ्यांची भाषा कर्नलने सतत मेमरीत बाळगायची म्हटलं तर तो अवाढव्य होईल. म्हणून लिनक्समध्ये हे काम तुकड्यांत विभागलंय. प्रत्येक उपकरणासाठी वेगळा तुकडा असतो आणि लागेल तेव्हाच तो कर्नलला जोडला जातो. या तुकड्याला म्हणतात मॉड्यूल. आपण ज्याला ड्रायव्हर म्हणतो, तो लिनक्समध्ये बहुतेक वेळा मॉड्यूलच्या रूपात असतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मॉड्यूल एकदा जोडलं की ते कर्नलचाच भाग होतं. त्याला कर्नलइतकेच अधिकार मिळतात. ब्राउझर कोसळला तर एक खिडकी बंद होते, पण मॉड्यूल बिघडलं तर सगळा संगणक आडवा होऊ शकतो.

संगणक सुरू होताना काय क्रमाने घडतं?

पॉवरचं बटण दाबल्यापासून लॉगिनचा स्क्रीन येईपर्यंत साधारण हे टप्पे असतात.

आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. ते ग्रबसारख्या बूटलोडरला हाक मारतं. बूटलोडर डिस्कवरून दोन गोष्टी मेमरीत आणतो: एक म्हणजे कर्नल आणि दुसरी 'इनिटरॅमएफएस' नावाची छोटी शिदोरी. या शिदोरीची गरज काय? कर्नलला डिस्क वाचायची तर डिस्कचं मॉड्यूल हवं आणि ते मॉड्यूल तर डिस्कवरच! हा पेच सोडवायला सुरुवातीला लागणारी मोजकी मॉड्यूल्स या शिदोरीत बांधून दिलेली असतात.

डिस्क हाती आली की पुढची मॉड्यूल्स दोन वाटांनी येतात. पहिली वाट आपोआप चालते. प्रत्येक उपकरण आपला ओळख क्रमांक सांगतं आणि 'यूडेव्ह' ही यंत्रणा त्या क्रमांकाला जुळणारं मॉड्यूल शोधून लोड करते. दुसरी वाट यादीची. काही मॉड्यूल्स कुठल्या उपकरणाशी बांधलेली नसतात. त्यांची नावं एका फाइलमध्ये लिहून ठेवलेली असतात आणि सिस्टिमडी ती यादी वाचून एकेक मॉड्यूल लोड करतं.

घोळाचं मूळ इथेच आहे. यादीत फक्त नावं असतात. अमुक मॉड्यूल लोड कर, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. ते कुठल्या कर्नलसाठी बनवलेलं हवं, हे त्यात लिहिलेलं नसतं.

मग कर्नल बदलल्यावर अडतं कुठे?

लिनक्समध्ये प्रत्येक कर्नलच्या मॉड्यूल्सचा फोल्डर वेगळा असतो आणि त्या फोल्डरचं नाव म्हणजे कर्नलचा पूर्ण क्रमांक. समजा, तुमच्या उबुंटूवर ६.८.०-४५ क्रमांकाचा कर्नल आहे आणि अपडेटनंतर ६.८.०-४७ आला. आपल्याला वाटेल, शेवटचे दोन आकडे बदलले, त्यात काय मोठं? पण संगणकाच्या लेखी हा वेगळा कर्नल आहे आणि त्याचा फोल्डरही वेगळा आहे.

कर्नलसोबत आलेली हजारो मॉड्यूल्स नव्या फोल्डरमध्ये आपोआप येतात, कारण ती एकाच वेळी, एकाच ठिकाणी बनवलेली असतात. प्रश्न येतो तो बाहेरून टाकलेल्या मॉड्यूलचा. एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर, ब्रॉडकॉमच्या काही चिपचा वाय-फाय ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्सचं मॉड्यूल किंवा स्वस्त यूएसबी वाय-फायसाठी कुठूनतरी उतरवून घेतलेला ड्रायव्हर, हे सगळे 'बाहेरचे'. ते जुन्या फोल्डरमध्येच राहतात. नवा कर्नल सुरू होतो, यादीतलं नाव वाचतो, आपल्या फोल्डरमध्ये शोधतो आणि मॉड्यूल सापडलं नाही म्हणून सांगतो.

मग जुन्या फोल्डरमधलं मॉड्यूल उचलून नव्यात टाकलं तर? बहुतेक वेळा तेही चालत नाही. प्रत्येक मॉड्यूलवर तो कुठल्या कर्नलसाठी बनला याचा शिक्का असतो. त्याला 'व्हर्मॅजिक' म्हणतात. शिक्का जुळला नाही की कर्नल मॉड्यूलला दारातूनच परत पाठवतो. हा आडमुठेपणा नाही. मॉड्यूलला कर्नलच्या मेमरीत मुक्त वावर मिळणार असतो. त्याने चुकीच्या जागी हात घातला तर डेटा बिघडू शकतो. त्या मानाने वाय-फाय न चालणं परवडलं.

दर वेळी नव्या मापाने शिवणारा शिंपी

यावरचा सगळ्यात प्रचलित उपाय म्हणजे डीकेएमएस. डेल कंपनीने २००३ मध्ये ही यंत्रणा बनवली. आपल्या सर्व्हरवरच्या ग्राहकांना प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुरवणं डेललाही जड जात होतं. डीकेएमएसची कल्पना साधी आहे. तयार मॉड्यूल देण्याऐवजी त्याचा सोर्स कोड ग्राहकाच्या संगणकावर ठेवायचा आणि नवा कर्नल आला की तिथल्या तिथे मॉड्यूल नव्याने बनवायचं.

रेडिमेड कपडा आणि शिंप्याकडून शिवून घेतलेला कपडा यात जो फरक आहे, तोच इथे आहे. डीकेएमएस हा घरात बसवलेला शिंपी. त्याला तीन गोष्टी लागतात. कापड म्हणजे ड्रायव्हरचा सोर्स कोड. मापाची वही म्हणजे नव्या कर्नलच्या 'हेडर' फाइल्स. आणि शिलाई मशीन म्हणजे कंपायलर. तिन्ही गोष्टी हाताशी असतील तर अपडेटच्या वेळीच मॉड्यूल शिवून तयार होतं आणि तुम्हाला काही कळतही नाही.

यातली एक जरी गोष्ट नसली तर शिलाई अडते. हेडर फाइल्स उतरवलेल्याच नाहीत, हे सर्रास आढळणारं कारण. दुसरं कारण म्हणजे नव्या कर्नलमध्ये आतली एखादी गोष्ट इतकी बदललेली असते की जुना सोर्स कोड त्याला लागूच होत नाही. कापडच अपुरं पडतं म्हणा ना!

कधीकधी मशीनही दगा देतं. २०२४ च्या सुरुवातीला उबुंटू २२.०४ च्या अनेक वापरकर्त्यांना याचा अनुभव आला. त्यांच्याकडे ६.५ हा नवा कर्नल आला. तो जीसीसी १२ या कंपायलरने बनवला होता. पण उबुंटू २२.०४ चा नेहमीचा कंपायलर होता जीसीसी ११. नव्या कर्नलच्या हेडरमध्ये असा एक पर्याय होता, जो जीसीसी ११ ला ठाऊकच नव्हता. ज्यांच्या मशीनवर जीसीसी १२ नव्हता, त्यांचा एनव्हिडियाचा ड्रायव्हर बनला नाही. या लोकांनी स्वतःहून काहीही बदललं नव्हतं. नेहमीसारखं अपडेट केलं होतं, इतकंच.

सगळं शिवून झालं, तरी दारात अडवलं

समजा, मॉड्यूल नीट बनलं. तरी आणखी एक पहारेकरी असतो: सिक्युअर बूट. संगणक सुरू होताना फक्त विश्वासू कोडच चालावा, यासाठी ही सोय आहे. ती चालू असेल तर उबुंटू, फेडोरासारख्या प्रमुख लिनक्समध्ये प्रत्येक मॉड्यूलवर डिजिटल सही लागते. कर्नलसोबत आलेल्या मॉड्यूल्सवर ती आधीच असते. तुमच्या लॅपटॉपवर बनलेल्या मॉड्यूलवर तुमची स्वतःची सही हवी आणि ती सही फर्मवेअरला ओळखीची हवी.

म्हणून असा ड्रायव्हर टाकताना उबुंटू तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगतं. पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना एक निळा स्क्रीन येतो. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो निळा स्क्रीन पाहून माणूस गडबडतो आणि 'कंटिन्यू' दाबून मोकळा होतो. मग मॉड्यूल जागेवर असतं, शिक्काही जुळतो, पण सही ओळखीची नाही म्हणून कर्नल त्याला आत घेत नाही.

लिनक्सवाले हे कायमचं का सोडवत नाहीत?

हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही ठाम आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा एक नियम आहे: कर्नल बदलल्यामुळे लोकांचे प्रोग्राम बंद पडता कामा नयेत. पण हे वचन कर्नलच्या बाहेरच्या बाजूपुरतं आहे. आतली रचना, म्हणजे मॉड्यूल्स जिचा वापर करतात ती, कधीही बदलू शकते. कर्नलच्या देखभालीतले एक प्रमुख नाव ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी याची बाजू मांडणारा लेख लिहिला आहे आणि तो कर्नलच्या दस्तावेजांतच ठेवलेला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आतली रचना गोठवली तर सुरक्षेच्या चुका दुरुस्त करता येणार नाहीत, जुना कचरा साठत जाईल आणि वेग मंदावेल. मग ड्रायव्हर बनवणाऱ्यांनी काय करावं? त्यांनी आपला कोड कर्नलमध्येच द्यावा. एकदा तो आत आला की रचना बदलणारा माणूसच त्या ड्रायव्हरमध्येही बदल करून देतो.

हा व्यवहार सरळ आहे. कोड उघडा करा, आत या, देखभालीचं ओझं वाटून घेऊ. बाहेर राहायचं असेल तर दर नऊ-दहा आठवड्यांनी येणाऱ्या नव्या कर्नलशी जुळवून घेण्याचं काम तुमचं तुम्ही करा.

इंटेलने आपले वाय-फाय ड्रायव्हर आणि एएमडीने आपला ग्राफिक्स ड्रायव्हर कर्नलमध्ये दिले. एनव्हिडिया बराच काळ बाहेर राहिली. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे पाहत एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. तो व्हिडिओ आजही फिरत असतो. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या कर्नल मॉड्यूल्सचा सोर्स कोड खुला केला. मोठी गोष्ट होती, पण ती मॉड्यूल्स अजूनही कर्नलच्या बाहेरच बनतात. म्हणजे शिवणकाम सुटलेलं नाही.

आणि कंपनीनेच हात काढून घेतला तर? ब्रॉडकॉमच्या जुन्या वाय-फाय चिपसाठी लिनक्सवर 'डब्ल्यूएल' नावाचा ड्रायव्हर आहे. कंपनीकडून आलेली त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची. त्यानंतर कर्नल कितीतरी पुढे गेला. मधल्या काळात उबुंटू, डेबियन वगैरेंच्या देखभालकर्त्यांनी ठिगळं लावून तो चालता ठेवला. विंडोज ११ ने नाकारलेल्या वयाच्या लॅपटॉप्समध्ये याच चिप सापडतात. त्यामुळे लिनक्सवर नव्याने आलेल्या माणसालाच हा फटका आधी बसतो आणि त्याला वाटतं, लिनक्सच असं आहे.

हे फक्त लिनक्सचं दुखणं आहे का?

अजिबात नाही. १९ जुलै २०२४ ची सकाळ आठवा. भारतीय वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोजवरच्या आपल्या फाल्कन सेन्सरसाठी एक फाइल पाठवली. सेन्सरचा कोड २० नोंदी पुरवत होता आणि नवी फाइल २१ वी नोंद मागत होती. ती वाचायला गेल्यावर ड्रायव्हरने भलत्याच मेमरीला हात घातला आणि विंडोज कोसळलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातले ८५ लाख संगणक बंद पडले. भारतात विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. रिझर्व्ह बँकेने १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आल्याचं सांगितलं.

कंपनीने १०:५७ पर्यंत चूक मागे घेतली होती. मग पुढचे कित्येक दिवस लोक का झटत राहिले? कारण तो ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच कर्नलमध्ये लोड होणारा होता. संगणक सुरू व्हायचा, ड्रायव्हर लोड व्हायचा, सगळं कोसळायचं, पुन्हा सुरू व्हायचा आणि पुन्हा कोसळायचा. दुरुस्ती इंटरनेटवर तयार होती, पण ती उतरवून घ्यायला संगणक जागा राहतोय कुठे? अखेर अनेक ठिकाणी माणसांना प्रत्यक्ष प्रत्येक मशीनपाशी जाऊन सेफ मोडमध्ये ती फाइल काढावी लागली.

ती चूक कर्नल अपग्रेडची नव्हती, पाठवलेल्या फाइलची होती. पण त्याच्या महिनाभर आधी, जून २०२४ मध्ये, रेड हॅटने आपल्या लिनक्स ग्राहकांसाठी वेगळी नोंद प्रसिद्ध केली होती. एका विशिष्ट नव्या कर्नलवर मशीन सुरू केल्यावर, त्याच फाल्कन सेन्सरच्या प्रक्रियेमुळे कर्नल पॅनिक होत होता, म्हणजे अख्खी सिस्टिम थांबत होती. तिथे मात्र कर्नल बदलणं हेच निमित्त होतं.

या दोन्ही घटनांमधून कंपन्यांनी धडा घेतलेला दिसतो. ॲपलने २०१९ पासूनच बाहेरच्या कंपन्यांना मॅकच्या कर्नलमधून हळूहळू बाहेर काढायला सुरुवात केली होती. मायक्रोसॉफ्टनेही २०२५ मध्ये अँटीव्हायरस कंपन्यांना कर्नलबाहेर राहून काम करता येईल, अशी व्यवस्था चाचणीसाठी देण्याचं जाहीर केलं.

तुमच्या हातातल्या फोनचं काय?

अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे. पूर्वी चिप बनवणारी कंपनी त्यात आपले बदल करायची, मग फोन बनवणारी कंपनी त्यावर आपले बदल करायची. प्रत्येक मॉडेलचा कर्नल वेगळा. त्यामुळे मूळ कर्नलमध्ये एखादी सुरक्षा दुरुस्ती आली तरी ती तुमच्या फोनपर्यंत पोहोचायला महिने लागायचे, काही फोनपर्यंत तर ती पोहोचायचीच नाही.

गुगलने यावर वेगळी वाट काढली. अँड्रॉइड १२ आणि ५.१० कर्नलसह बाजारात येणाऱ्या फोनपासून सगळ्यांसाठी एकच सामायिक कर्नल बंधनकारक केला. चिप आणि फोन कंपन्यांचा कोड वेगळ्या मॉड्यूल्समध्ये गेला. कर्नलच्या एका शाखेपुरती कर्नल आणि मॉड्यूल यांच्यातली जोडणी गोठवली. त्यामुळे त्या शाखेत कर्नल दुरुस्त झाला तरी मॉड्यूल्स पुन्हा बनवावी लागत नाहीत.

म्हणजे माप कायम ठेवणं शक्य आहे. पण ते फुकट होत नाही. जोडणी मोडू नये म्हणून गुगलला सतत राखण करावी लागते. तुमच्या जुन्या लॅपटॉपमधल्या चिपसाठी ही राखण करणारं कुणी नसतं, हा खरा फरक आहे.

मग अपडेटच बंद करावं का?

बऱ्याच जणांना हाच उपाय सुचतो. चालतंय ना, मग हात लावू नका! पण कर्नलचं अपडेट हे नवे रंग किंवा नवी बटणं आणणारं अपडेट नसतं. मार्च २०२२ मध्ये 'डर्टी पाइप' नावाची चूक जाहीर झाली. ५.८ आणि त्यापुढच्या कर्नलमध्ये तिच्यामुळे संगणकावरचा कुठलाही साधा वापरकर्ता सर्वाधिकारी बनू शकत होता. २०२४ मध्ये कर्नलच्या नेटवर्क विभागातल्या अशाच एका चुकीचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर होतोय, असा इशारा अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने दिला. दोन्ही वेळा उपाय एकच होता: नवा कर्नल.

वाय-फाय जाऊ नये म्हणून जुन्या कर्नलवर थांबलेला माणूस अशी ओळखीची भोकं उघडी ठेवून बसतो. आणि विंडोज १० सोडायचं मुख्य कारण काय होतं? सुरक्षा अपडेट बंद झाली हेच ना! लिनक्सवर येऊन तीच अपडेट स्वतःच्या हाताने बंद केली, तर मग आपण मिळवलं काय?

तुम्ही काय करू शकता?

आधी आपल्याकडे बाहेरची मॉड्यूल्स आहेत का ते पाहा. टर्मिनलमध्ये 'डीकेएमएस स्टेटस' ही कमांड दिली की त्यांची यादी येते. यादी रिकामी असेल किंवा ती कमांडच सापडत नसेल, तर बहुधा तुमच्या मशीनवर डीकेएमएसचं काही नाही. हाताने बनवलेला ड्रायव्हर मात्र या यादीत दिसत नाही. तो दर नव्या कर्नलला हातानेच पुन्हा बनवावा लागतो. त्यामुळे शक्य असेल तेव्हा ड्रायव्हर आपल्या लिनक्सच्या अधिकृत भांडारातूनच घ्या.

कर्नल अपडेट झाल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका. तीच कमांड पुन्हा द्या. नव्या कर्नलच्या क्रमांकासमोर 'इन्स्टॉल्ड' दिसतंय का ते बघा. दिसत नसेल तर अडचण आत्ताच कळली, तीही इंटरनेट चालू असताना. त्या कर्नलच्या हेडर फाइल्स आहेत का हे तपासा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं.

रीस्टार्ट झालं आणि वाय-फाय गेलंच, तर घाबरू नका. उबुंटूसारख्या प्रणाली मागचा कर्नल जपून ठेवतात. लॅपटॉप सुरू होताना एस्केप, जुन्या मशीनवर शिफ्ट, दाबून ग्रबचा मेन्यू आणा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा आणि जुना कर्नल निवडा. कालचा लॅपटॉप परत मिळेल. हा मुक्काम तात्पुरता आहे, दुरुस्ती होईपर्यंतचा. डिस्कवर जागा हवी म्हणून सगळे जुने कर्नल पुसून टाकू नका, ते याच दिवसासाठी असतात.

इंटरनेटशिवाय दुरुस्ती कशी करायची? अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, त्यामुळे वाय-फाय नसलं तरी नेट मिळतं.

सिक्युअर बूटचा निळा स्क्रीन आला तर घाईत 'कंटिन्यू' दाबू नका. ठरवलेला पासवर्ड कागदावर लिहून ठेवा आणि 'एनरोल एमओके' पूर्ण करा.

आणि शेवटची गोष्ट खरेदीची. यूएसबी वाय-फाय किंवा सेकंड हँड लॅपटॉप घेताना त्याच्या पाकिटावर 'लिनक्स सपोर्ट' लिहिलंय का, एवढंच पाहून भागत नाही. ड्रायव्हर कर्नलच्या आत आहे की कंपनीच्या वेबसाइटवर वेगळा मिळतो, हे विचारा. वेबसाइटवर मिळणारा ड्रायव्हर आज चालेल, पण पुढच्या वर्षीच्या कर्नलवर चालेल याची हमी कुणीच देत नाही.

हा प्रश्न एका लॅपटॉपपुरता नाही

केरळच्या सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये कितीतरी वर्षांपासून लिनक्स वापरलं जातंय. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली विकसित केली. संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्सवर आधारित 'माया' आणत असल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या. विंडोज १० संपल्यावर आणखी शाळा, ग्रामपंचायती, ग्रंथालयं आणि छोटी कार्यालयं या वाटेने जाऊ शकतात.

लायसन्सचे पैसे वाचतात, हे खरं. पण शाळेच्या लॅबमध्ये ३० संगणक असतील आणि त्या सगळ्यांचा वाय-फाय ड्रायव्हर बाहेरचा असेल, तर एका कर्नल अपडेटनंतर सोमवारी सकाळी ३० मशीन एकदमच नेटविना सुरू होतात. तिथे टर्मिनल उघडून कमांड देणारं कुणी नसेल, तर पुढे काय होतं? कुणीतरी अपडेट कायमचं बंद करतं. पुढची पाच वर्षं ती लॅब तशीच चालते, सगळ्या ओळखीच्या भोकांसकट.

हे टाळायला फार पैसे लागत नाहीत. खरेदीच्या निविदेत एक ओळ वाढवली तरी पुरे: यातल्या प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये असावा. आणि दुसरी खबरदारी म्हणजे अपडेट आधी एका मशीनवर लावायचं, दोन दिवस बघायचं, मगच उरलेल्या २९ मशीनवर न्यायचं. जुलै २०२४ मधली ती फाइल आधी मोजक्या संगणकांवर गेली असती, तर ८५ लाखांचा आकडा आज कुणाला पाठ नसता. त्या घटनेनंतर क्राउडस्ट्राइकने स्वतःही अशा फाइल्स टप्प्याटप्प्याने पाठवण्याची पद्धत स्वीकारली.

बाहेरून आणलेलं प्रत्येक मॉड्यूल ही एक प्रकारची उधारी असते. दर नव्या कर्नलला ती कुणीतरी फेडायची असते. कंपनी फेडत असेल तर उत्तम. कुणी स्वयंसेवक फेडत असेल तर त्याचे आभार. पण दोघंही नसतील, तर ती तुमच्या नावावर निघते आणि तेही लॅपटॉप सुरू होण्याच्या ऐन वेळी. म्हणून पुढच्या वेळी अपडेटची सूचना आली की होकार नक्की द्या. फक्त त्याआधी, आपल्या मशीनवरची उधारी कोण फेडतंय, एवढं बघून ठेवा.